खडपावरचे शेवाळ बदलले की चरणारेही बदलतात

गाजरगवत आपल्याकडे कसे आले हे जुन्या मंडळींना आठवत असेल. १९५५-५६ च्या सुमारास पुण्याकडे ते पहिल्यांदा नजरेस आले. परदेशी गव्हाबरोबर बी आले, असे सांगतात. पुढे रस्त्याच्या कडा, पडीक रान, शाळेचे मैदान, काही सुटले नाही. गुरे त्याला तोंड लावीत नव्हती आणि त्यावर जगणारा किडाही इकडे नव्हता. शेवटी १९८० च्या दशकात मेक्सिकोहून त्याचा भुंगा आणून सोडावा लागला. म्हणजे गवत आधी आले आणि त्याला खाणारा तीस वर्षांनी, तोही माणसाने आणला म्हणून.

ही गोष्ट रानातली. पण समुद्राच्या तळाशीही गवत आहे, त्यावर चरणारी गुरे आहेत, आणि तिथलेही गवत बदलते आहे. पाण्याखाली असल्यामुळे आपल्या डोळ्यांवर येत नाही इतकेच. किनारपट्टीच्या गावांत आता शेवाळशेतीच्या योजना येऊ लागल्या आहेत. तेव्हा हा विषय मच्छीमार बांधवांनीच नव्हे, तर सरपंच, ग्रामसेवक आणि बागायतदारांनीही समजून घ्यावा असा आहे.

समुद्रातली गुरे

दिवाळीनंतर एखाद्या अमावास्येला किंवा पौर्णिमेला, उधाणाची सुकती लागली की खडपात उतरा. कालवे काढणाऱ्या बायका उतरतात तिथेच. खडकावर तपकिरी झुडपासारखे, बारीक फुगे असलेले शेवाळ दिसेल, ते सरगॅसम. पातळ हिरव्या कागदासारखे दिसते ते उल्वा. पंख्यासारखे पांढुरके दिसते ते पॅडिना. सरगॅसमचा एक झुबका मुळाजवळून अलगद धरा आणि पाण्याने भरलेल्या पांढऱ्या परातीत जोराने झटका. क्षणभर काही दिसणार नाही. मग परातीचा तळ हलू लागेल. कोळंबीच्या भावकीतले, तांदळाच्या दाण्याएवढे, कुशीवर पडून उड्या मारणारे किडे दिसतील. त्यांना अँफिपॉड म्हणतात. मोहरीएवढ्या गोगलगायी असतील, शेवाळाच्याच रंगाचे बारीक खेकडे असतील.

ही झाली समुद्रातली शेळ्या-मेंढरे. गोगलगायीच्या तोंडात किसणीसारखी जीभ असते, तिने ती शेवाळाचा पापुद्रा खरवडून काढते. काही जीव शेवाळच खातात, तर काही शेवाळावर साचलेला बारीक हिरवा थर चाटतात. लहान मासे यांना खातात, मोठे मासे लहान माशांना. तुमच्या ताटात आलेला मासा कधी काळी या परातीतल्या जिवांवर वाढलेला असतो.

आता खडपावरचे शेवाळ बदलले तर या गुरांचे काय होईल? तुम्ही म्हणाल, एक गवत गेले, दुसरे आले, चरणाऱ्याला काय फरक? पण शेतकऱ्यानेच असे म्हणावे हे नवल. भाताच्या जुन्या उंच जाती जाऊन बुटक्या, दाट वाढणाऱ्या, भरपूर युरिया मागणाऱ्या जाती आल्या, तेव्हा तपकिरी तुडतुडा कसा माजला ते आपण पाहिले आहे. पीक भाताचेच होते. नुसता बांधा बदलला तरी कीड बदलली. समुद्रात तर पीकच बदलते.

एक मोजलेला किनारा

असा बदल पिढीभर डोळ्यांत तेल घालून मोजलेला किनारा पाहायचा तर अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात जावे लागते. त्याला मेनचे आखात म्हणतात. पाणी थंड, किनारा खडकाळ. तिथले मूळ शेवाळ म्हणजे केल्प. आपल्या उष्ण पाण्यात केल्प उगवत नाही, म्हणून ते कसे असते ते सांगतो. केळीचे पान अरुंद करून खूप लांब ताणले आणि चामड्यासारखे जाड केले, तर जसे दिसेल तसे. एकेक पान दोन-तीन मीटर लांब. अशी हजारो पाने तळाला धरून उभी राहिली की पाण्याखाली रानच तयार होते.

या रानावर पहिला घाला पडला तो चरणाऱ्यांचाच. कॉडसारखे मोठे मासे माणसाने बेसुमार पकडले. त्यामुळे सागरी अर्चिन नावाच्या काटेरी चेंडूसारख्या प्राण्याला खाणारे कोणी उरले नाही. अर्चिन वाढले आणि १९८० च्या दशकापर्यंत त्यांनी कित्येक ठिकाणचे केल्प खाऊन खडक उघडे पाडले. मग १९८७ च्या सुमारास जपानी गिऱ्हाईक आले. अर्चिनच्या पोटातली पिवळी गाभोळी जपानात आवडीने खातात. झाले! १९९३ साली एकट्या मेन राज्यात सुमारे ४ कोटी १० लाख पौंड, म्हणजे जवळजवळ साडेअठरा हजार टन अर्चिन काढले गेले. त्यानंतर धंदा खाली आला तो आलाच. पण चरणारा गेला म्हणून केल्प पुन्हा उगवले.

इथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण पुढची खेळी पाण्याच्या तापमानाची आणि परदेशी पाहुण्यांची होती. २००४ ते २०१३ या दहा वर्षांत हे आखात जगातल्या ९९ टक्के समुद्रापेक्षा वेगाने तापले. २०१२ साली तर तिथे उष्णतेची लाटच आली. केल्प हे थंडीचे पीक आहे, ऊन पाण्यात ते मलूल होते. त्याआधी १९८७ साली एक परका प्राणी येऊन केल्पच्या पानावर पांढऱ्या जाळीचा थर चढवू लागला होता. थर बसला की पान ठिसूळ होते आणि वादळात तुटते. उत्तरेला कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात काही ठिकाणी चार ते सहा दशकांत केल्पचे वजन ८५ ते ९९ टक्क्यांनी घटल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदले आहे. शंभर गाड्या गवत निघत होते तिथे पंधरा गाड्या, कुठे एकच.

रिकाम्या जागी कोण आले? एक म्हणजे कोडियम, हिरवे, बोटांएवढ्या फांद्यांचे, स्पंजासारखे लिबलिबीत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ते १९५७ साली प्रथम सापडले आणि १९६४ पर्यंत मेनला पोचले. दुसरे डॅसिसायफोनिया, जपान-कोरियाकडचे तांबडे शेवाळ. केस विंचरून फणीत अडकलेला गुंता कसा दिसतो? तसे. अमेरिकेच्या बाजूला ते २००७ पासून नोंदले गेले आणि काही वर्षांतच या आखातात पसरले. जिथे उंच पानांचे रान होते तिथे आता ठिकठिकाणी गुडघ्याच्याही खालचा, गुंतलेला तांबडा गालिचा आहे.

लॅकूनाची गोष्ट

केल्पच्या रानात लॅकूना नावाची एक गोगलगाय राहते. कवच पातळ, तपकिरी, त्यावर पट्टे. पूर्ण वाढली तरी एक सेंटिमीटरच्या आत. आयुष्य वर्षभराचे. मादी शेवाळाच्या पानावर अंडी घालते ती पिवळसर, बुळबुळीत, मेदूवड्यासारख्या भोकाच्या चकतीत. पिल्ले काही आठवडे पाण्यात तरंगतात आणि मग शेवाळावर उतरतात. बारकी लॅकूना जागा पसंत पडली नाही तर पाय वर करून एक चिकट धागा सोडते आणि कोळ्याच्या पोरासारखी पाण्यावर वाहत दुसऱ्या पानावर जाऊन बसते. एवढासा जीव, पण पायाखालचे रान पारखून घेतो.

केल्पवर ती काय करते, तर खोडकिडा भातावर करतो तेच. पानाला भोके पाडते, चर पाडते. ती खाते किती, तर थोडेच. पण भोके पडलेले पान लाटेच्या ओढीला टिकत नाही, फाटते आणि वाहून जाते. नोव्हा स्कोशियात याची मोजमापे घेतली आहेत. कुरतडलेल्या पानाची ताकद कमी भरते. म्हणजे केल्प आधीच उष्णतेने आजारी, वर जाळी चढलेली, त्यात लॅकूनाचे दात. सुदृढ पिकाला जी कीड सोसते ती दुबळ्या पिकाला सोसत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

केल्प विरळ झाले तेव्हा लॅकूनासमोर तांबड्या गुंत्याचे ताट आले. पण चाचण्यांत असे दिसले की तिथले चरणारे जीव डॅसिसायफोनियापेक्षा ओळखीची शेवाळे पसंत करतात. नव्या पाहुण्याला गुरे तोंड लावीनात, आणि म्हणूनच पाहुणा फोफावला. गाजरगवताचीच कथा.

कोडियमचे अर्चिनपुढे असेच झाले. दुसरे काही नसले तर अर्चिन कोडियम खातो, पण त्याच्या अंगी लागत नाही. वाढ खुंटते, आणि ज्या गाभोळीसाठी त्याला बाजारात किंमत ती भरत नाही. कडब्यावर ठेवलेल्या म्हशीकडून दुधाची अपेक्षा करावी तसे ते. मात्र कोडियमलाही एक गिऱ्हाईक भेटले. प्लॅसिडा नावाचा बिनशंखाचा, पानासारखा दिसणारा बारीक जीव कोडियमच्या नळीला तोंड लावून रस शोषतो, मावा शोषतो तसा. कोडियम वाढले तसा तोही वाढला. केल्पचे दिवस असताना त्याला कोण विचारीत होते!

डोकी मोजली आणि फसगत झाली

आता या साऱ्या प्रकरणातली खरी मेख ऐका. न्यू हॅम्पशायर विद्यापीठाच्या संशोधकांनी मेनजवळच्या आयल्स ऑफ शोल्स या बेटांभोवतीच्या तळाची १९७७ पासूनची जुनी छायाचित्रे आणि नोंदी काढून आजच्या स्थितीशी ताडून पाहिल्या. शेवाळाची एकेक जात उपटून आणली आणि तीत किती जीव आहेत ते मोजले. आपण परातीत झटकले तसेच. काम २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. अपेक्षा काय असेल? परदेशी शेवाळ, स्थानिक जीव खात नाहीत, म्हणजे रान ओसाड असणार.

निघाले उलटे. तांबड्या गुंत्यात बारीक जीव दोन ते तीन पट जास्त!

असे का, हे गवताची गंजी रचणाऱ्याला लगेच कळेल. केळीच्या गुळगुळीत पानावर किती किडे लपतील आणि पेंढ्याच्या गंजीत किती? केल्पचे पान रुंद, सपाट. तिथे बसलेला किडा माशाला लांबून दिसतो. गुंत्यात हजार फटी. लपायला जागा, वाहून आलेला गाळ-कचरा अडकायला जागा, त्यावर बारीक हिरवा थर वाढायलाही जागा. शेवाळ स्वतः चविष्ट नसेना का, त्यावर साचलेले खाऊन जगणाऱ्यांची चंगळ झाली. त्यांच्यासाठी ते गोठा झाले आणि चारा गोठ्याच्या भिंतीवर उगवू लागला.

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात १९९० च्या दशकात याहून मजेदार गोष्ट दिसली होती. तिथे डिक्टिओटा नावाच्या शेवाळात माशांना नकोशी वाटणारी रसायने असतात, म्हणून मासे ते टाळतात. पण एका जातीचा अँफिपॉड नेमका तिथेच राहतो आणि तेच खातो. मासे त्या झुडपाकडे फिरकत नाहीत, तर हा आत सुरक्षित. एरंडाच्या कुंपणात लपलेल्या सशासारखा. त्यामुळे चरणाऱ्या जिवाला चारा, आडोसा आणि शत्रूपासून अंतर या तिन्हींचा हिशेब लागतो, नुसत्या चवीचा नाही.

मग मेनमध्ये जीव वाढले, तर तक्रार कसली? तक्रार अशी की कोण वाढले हे पाहावे लागते. बारीक, गुंत्यात राहणारे वाढले. उंच पानांवर राहणारे, चामड्यासारखे पान कुरतडू शकणारे मागे पडण्याची वेळ आली. आणि वरच्या पायरीचे काय? कनर नावाचा तिथला एक लहान मासा पाहा. त्याला लपायला केल्पचे उंच रान हवे असते, ठेंगणा गालिचा त्याला झाकू शकत नाही. न्यू हॅम्पशायरच्याच संशोधकांना हा मासा गालिच्यापेक्षा केल्पच्या आडोशाला जास्त जाताना दिसला. कोठीत धान्य दुप्पट झाले, पण घराचे छप्परच गेले, तर माणूस तिथे राहील का? दुसरे असे की गुंत्यातल्या किड्याला माशाने शोधायचे कसे? ताटात वाढलेले आणि डब्यात बंद असलेले अन्न यात फरक आहे.

म्हणून कुणी अधिकारी किंवा कंपनीचा माणूस गावात येऊन म्हणाला की नव्या शेवाळामुळे समुद्री जीव वाढतील, तर तो खोटे बोलतोच असे नाही. त्याला एवढेच विचारायचे, कोणते जीव?

हे आपल्या दारात कसे आले

आता मेन सोडून आपल्या देशात येऊ. कृषी सेवा केंद्रात शेवाळ-अर्काच्या बाटल्या तुम्ही पाहिल्याच असतील, काहींनी द्राक्षाला, भाजीपाल्याला फवारलाही असेल. त्यातल्या काही अर्कांचा कच्चा माल म्हणजे कप्पाफायकस हे तांबडे, जाड फांद्यांचे शेवाळ. ते मूळचे फिलिपाइन्सकडचे. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने त्याच्या लागवडीचे तंत्र बसवले आणि २००० नंतर तामिळनाडूच्या रामनाथपुरम् जिल्ह्यात बांबूच्या तराफ्यांवर त्याची व्यापारी शेती सुरू झाली. बायकांच्या बचतगटांना त्यातून हाती पैसा मिळाला, ही गोष्ट नाकारण्यासारखी नाही. २०२० मध्ये आलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शेवाळशेतीसाठी ६४० कोटी रुपयांची तरतूद दाखवली गेली.

पण त्याच भागात, मन्नारच्या आखातातल्या कुरुसडई बेटाजवळ हे शेवाळ तराफा सोडून जिवंत प्रवाळावर पसरल्याचे २००८ साली शास्त्रज्ञांनी नोंदवले. कप्पाफायकसला बी लागत नाही. तुटलेला तुकडा रुजला की झाले, हरळीच्या पेरासारखे. प्रवाळावर शेवाळाची चादर पसरली की खालचा प्रवाळ गुदमरतो, आणि प्रवाळाच्या फटीत राहणाऱ्या जिवांना जागा उरत नाही. गंमत अशी की तराफ्यावर असते तेव्हा चरणारे मासे त्याचे कोवळे शेंडे खाऊन टाकतात म्हणून शेतकरी भोवती जाळी लावतो. तिथे चरणारा हा नुकसान करणारा. आणि तेच शेवाळ प्रवाळावर गेले की चरणारा हवाहवासा.

माझे स्वतःचे मत विचाराल तर शेवाळशेतीला सरसकट विरोध करणे शहाणपणाचे नाही. खत-पाणी-जमीन न मागणारे पीक कोकणाला मिळाले तर कोणाला नको आहे? पण सरगॅसमच्या खडपाला लागून तराफा टाकणे आणि वाळूच्या उघड्या तळावर टाकणे यात फरक करावा. परदेशी जातीच्या बेण्याबाबत तर दुप्पट सावध राहावे. जिवंत शेवाळ परदेशातून आणण्यासाठी केंद्राच्या मत्स्य खात्याने २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यात परवानगी, विलगीकरण आणि धोक्याची तपासणी आली. बेणे कुठून आले याचा कागद पाहायला मागण्याचा ग्रामपंचायतीने संकोच करू नये. बियाण्याच्या पिशवीवरचा टॅग आपण पाहतोच ना?

आणि एक काम आजपासून गावातच करता येईल, त्याला योजना लागत नाही. खडपाचा एकच तुकडा कायमचा ठरवा. वीत-दोन वीत लांबीची काठीची चौकट करा. कार्तिक ते फाल्गुन, दर अमावास्येच्या सुकतीला तीच चौकट त्याच जागी ठेवा आणि कोणते शेवाळ किती जागा व्यापते ते लिहा. तपकिरी किती, हिरवे किती, तांबडे गुंतलेले किती. चौकटीबाहेरचा एक झुबका परातीत झटका आणि उड्या मारणारे वेगळे, शंखवाले वेगळे मोजा. मोजून झाले की परात समुद्रात रिकामी करा. पावसाळ्यात खडपावर जांभळट पातळ पापुद्र्यासारखे पोरफायरा हे शेवाळ येते, तेही नोंदवा, पण निसरड्या खडकावर लाटेच्या माऱ्यात उतरू नका, लांबूनच पाहा. शाळेतले गुरुजी आणि सातवी-आठवीची पोरे हे काम हौसेने करतील. कालवे काढणाऱ्या बायकांना सोबत घ्या. कुठल्या खडपावर पूर्वी काय होते हे त्यांना जितके ठाऊक आहे तितके कुणाला नाही.

वही ग्रामपंचायतीत ठेवा. वर तारीख, तिथी, खडपाचे नाव आणि मोजणाऱ्याची सही. तराफ्यासाठी जागा मागणारा पहिला अर्ज येईल त्या दिवशी ती टेबलावर असावी.